न ऐकता घेतलेले स्पीकर आणि लाल-काळ्या वायरचा घोळ

दिवाळीच्या सेलमध्ये फक्त रिव्ह्यू वाचून बुकशेल्फ स्पीकरची जोडी मागवली, दुकानात जाऊन ऐकायचा कंटाळा केला, आणि पहिल्याच दिवशी पचका झाला. तबल्याचा डग्गा जवळजवळ गायबच, आणि गायकाचा आवाज मधून यायच्या ऐवजी खोलीभर कुठेतरी तरंगतोय. बायको म्हणाली, आपला जुना टू-इन-वन बरा होता की. काय बोलणार!

चार दिवस चरफडलो, रिटर्न टाकणारच होतो. मग एका रात्री टॉर्च घेऊन मागे वाकून बघितलं तर डाव्या स्पीकरची वायर उलटी, लाल टर्मिनलला काळी वायर! लावली मीच होती, घाईत. असं झालं की एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघांचा बास, म्हणजे खालचे जाड सूर, एकमेकांना खाऊन टाकतो. अँप (स्पीकरला आवाज पुरवणारा अँप्लिफायर) बंद करून वायर अदलाबदल केली, आवाज लगेच मधोमध आला.

पण आता बास इतका की नुसतं घुमायला लागलं, कारण स्पीकरच्या मागे पोर्टचं भोक आहे, त्यातूनही बास बाहेर पडतो, आणि मी स्पीकर भिंतीला चिकटवून कोपऱ्यात ठेवलेले. दीडेक फूट पुढे ओढले, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा) कानाच्या उंचीला आणले, तोंडं जराशी सोफ्याकडे वळवली, आणि पोर्टमध्ये पोराचा एकेक मोजा कोंबला (हसू नका, स्पंजचे बूच मिळतात त्यांचं कामही हेच).

रिटर्न रद्द केलं. मोठ्या आवाजात वरचे सूर अजून थोडे टोचतात, ते मात्र स्पीकरचंच आहे.