क्वेटियापिनची शेवटची अर्धी गोळी सोडताना

आयसीयूत माणूस रात्री गोंधळतो, नळ्या ओढतो, म्हणून क्वेटियापिन ही मनोविकारावरची गोळी, पंचवीस मिलिग्रॅमची, सुरू होते. तो बरा होऊन घरी येतो, गोळी मात्र डिस्चार्जच्या कागदावर तशीच राहते. किंवा झोप लागत नाही म्हणून कुणी लिहून दिलेली असते आणि महिना-दीड महिना घेतली जाते. अशी कमी मात्रेची, थोड्या दिवसांची गोळी सोडण्यापुरतंच हे लिहिते आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा ती याच वर्गातली क्लोझापिन असेल, तर यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नका.

ज्या डॉक्टरांनी सुरू केली त्यांना विचारा: कशासाठी दिली होती, ते कारण संपलं का, किती दिवसांत सोडायची? ते भेटत नसतील तर दुसरे मनोविकारतज्ज्ञ चालतील, मेडिकलवाला चालणार नाही. चार-पाच दिवसच घेतली असेल तर बहुधा थेट थांबवायला सांगतील. काही आठवडे झाले असतील तर आधी अर्धी, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम, एक-दोन आठवडे.

गोळी कटरनेच तोडा. पट्टीवर एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेलं असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी, ती तोडायचीच नाही; साधी गोळी लिहून घ्या. क्वेटियापिनऐवजी त्याच वर्गातली रिस्पेरिडोन असेल आणि तिच्यामुळे येणाऱ्या ताठरपणावर, थरथरीवर ट्रायहेक्सिफेनिडिल दिलेली असेल तर दोन्ही एकाच दिवशी बंद करू नका, कुठली आधी ते डॉक्टर सांगतील.

आता खरा अवघड टप्पा. अर्ध्यावरून शून्य.

मनोविकार विभागात परिचारिका म्हणून हे काम कितीदा केलं, तरी घरच्या माणसाच्या वेळी मी चुकले. माझ्या दादाला हृदयाच्या ऑपरेशननंतर ही गोळी दिली होती. अर्धीवर तो आठवडाभर मजेत होता, म्हणून मी ती सरळ बंद केली. तिसऱ्या रात्री अडीचला उठले तर हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसलेला. बनियन घामाने भिजलेलं, पाय सारखे हलत होते. म्हणाला, "ताई, मला परत दवाखान्यातल्यासारखं होतंय." मी घाबरले आणि अख्खी गोळी दिली. त्यानंतर ती आणखी तीन महिने चालली, विनाकारण.

तो आजार परतला नव्हता. इतक्या कमी मात्रेत क्वेटियापिन मुख्यतः हिस्टामिन, म्हणजे मेंदूला जागं ठेवणारं रसायन, अडवते, त्यानेच गुंगी येते. ते अडवणं थांबलं की मेंदू काही दिवस जास्तच जागा राहतो. शिवाय गोळी आणि तिचा परिणाम सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. पंचवीसवरून साडेबारावर येताना मेंदूला जेवढा फरक जाणवतो, त्यापेक्षा साडेबारावरून शून्यावर येताना बराच जास्त.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारून पाव गोळी मध्ये घातली, दोन आठवडे. त्यानंतर बंद. दोन रात्री त्याची झोप तुटक झाली, पाचव्या रात्री तो सकाळपर्यंत झोपला.

फरक ओळखायला शिका. मात्रा कमी केल्यावर लगेच, दोन-चार दिवसांत झोप उडणं, मळमळ, घाम, अस्वस्थता सुरू झाली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरत गेली, तर तो बहुधा गोळी सोडल्याचा त्रास. मूळ आजार आपली जुनी खूण घेऊन येतो: माणसं न ओळखणं, नसलेलं दिसणं, संशय. म्हणून वहीत रोज दोन ओळी लिहा, किती वाजता झोप लागली आणि दिवस कसा गेला. त्रास सोसवेना तर आधीच्या पायरीवर या, थेट अख्ख्या गोळीवर नको, आणि डॉक्टरांना कळवा.

"एक दिवसाआड घ्या" हा सल्ला मला अजून ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी राग येतो. क्वेटियापिनची रक्तातली पातळी सुमारे सात तासांत निम्मी होते. दिवसाआड घेतलीत तर दर दुसऱ्या रात्री तोच त्रास नव्याने. मात्रा कमी करायची, रात्र चुकवायची नाही. झोपेसाठी शेजारणीची अल्प्राझोलमही घेऊ नका. ती सोडणं याहून कठीण.

लग्नघर, गणपती, प्रवास यांच्या आठवड्यात पायरी उतरू नका.

आवाज ऐकू येणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, सलग दोन रात्री डोळ्याला डोळा न लागणं, जीभ-तोंड आपोआप हलणं, किंवा ताप येऊन अंग ताठणं: यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. इंदूरात रात्री-अपरात्री एमवाय या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, पण ताप आणि ताठरपणा असेल तर फोनवर वेळ घालवू नका.

गोळी सुटली की डिस्चार्जच्या कागदावर तिच्यावर रेघ मारा, तारीख टाका आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांची सही घ्या. नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जुना कागद बघून ती पुन्हा सुरू होते. दादाच्या बाबतीत तिचं असं पुन्हा सुरू होणं मी भरतीच्या खोलीतच थांबवलं.