रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलंय, आता घरातल्या मांजरांचं काय?

पावसाळा लागला की कोल्हापुरात राजारामपुरी असूदे नाहीतर मंगळवार पेठ, कुठल्या तरी गाडीखाली भिजलेलं पिल्लू ओरडत बसलेलं असतंच, आणि मांजरं पाळणाऱ्या माणसाचा पाय तिथनं निघत नाही. आणा घरी, जरूर आणा, फक्त आणल्या आणल्या हॉलमध्ये सोडून बघूया काय करतात असं करू नका.

पहिल्यांदा डॉक्टर. पिसवा, जंत, कान, सगळं बघून घ्या आणि मग दोन आठवडे वेगळी खोली, खोली नसली तर बाथरूम पण चालतंय. कारण पॅनल्युकोपेनिया, पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन पटकन नेणारा आजार, त्याचा विषाणू घरात वर्षभर सुद्धा टिकू शकतो आणि तुमच्या हातावरनं, कपड्यांवरनं पण जातोय. म्हणून जुन्या मांजरांची ट्रायकॅटची, म्हणजे या आजारावर पण चालणारी, लस राहिली असेल तर तेवढं आधी उरका, आणि पिल्लाची भांडी, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे वेगळा ठेवा.

आता ओळख. मांजर ओळखतंय वासावरनं, त्यामुळं तोंड दाखवायच्या आधी वास पोचला पाहिजे. दोन आठवडे झाले, डॉक्टर ठीक म्हणाले, की जुन्या बनियनचा तुकडा पिल्लाच्या गालावर, हनुवटीखाली हळूच फिरवा आणि जुन्यांच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवा, त्यांचा तुकडा पिल्लाकडं. फिस्कारली तर फिस्कारूदे, ताटली जरा लांब सरकवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण, त्यांना सगळ्यात आवडतं ते, बिनमिठाचं उकडलेलं चिकन म्हणा, आणि रोज ताटल्या थोड्या थोड्या दाराकडं आणायच्या. दाराला चिकटून दोघं निवांत खायला लागली की मगच डासांच्या जाळीचं दार लावून एकमेकांना दिसूदे.

जाळी उघडायची ती पण पाचच मिनिटं, पोरांनी खेळवून दमवल्यावर.

फिस्कारणं, एखादी नखं न काढता मारलेली चापट, हे चालायचंच, तिथं जुन्या मांजराला ओरडू नका, नाहीतर हे आलं की आपल्याला बोलणी बसतात एवढंच त्याच्या डोक्यात बसतंय. पण कान मागं चपटे करून, टक लावून, पापणी न हलवता बघत बसलं असेल तर मधे पुठ्ठा किंवा उशी धरा आणि नजर तोडा. हात घालू नका, चिडलेलं मांजर तुम्हालाच चावेल. मारामारी झालीच तर परत बंद दारापासनं सुरू करायचं, त्यात काही बिघडत नाही.

ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त आणि वेगवेगळ्या जागी, पाणी पण तसंच, नाहीतर एकजण वाट अडवून बसतंय. उंचावरची जागा मात्र माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, पेठेतल्या जुन्या घरात माळा असतोच, फ्लॅटमध्ये कपाटावर गोधडी टाकून द्या. बोका असेल तर वेळेत नसबंदी, तो मोठा होऊन भिंतीवर मुतायला लागायची वाट बघू नका.

कुणाला आठवड्यात जमतं, म्हाताऱ्या भाटीला दोन-तीन महिने पण लागतात, घाई आपण करायची नाही. तेवढ्यात जुन्या मांजरानं दिवसभर काही खाल्लं नाही तर दवाखान्यात न्या. आणि बोका ट्रेमध्ये परत परत बसून जोर करतोय पण लघवी होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा, ताणानं लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो.