केबलवर निवडणुकीची जाहिरात लावण्यापूर्वी

विधानसभेला उभ्या उमेदवाराने नाशिकच्या स्थानिक केबल चॅनलवर जाहिरात द्यायची, तर आधी जिल्हा माध्यम प्रमाणन समितीचे प्रमाणपत्र हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या आदेशापासून हे बंधन आहे, आणि खाली सरकणारी पट्टीही त्यातून सुटत नाही.

प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी अर्ज द्या. उमेदवार किंवा नोंदणीकृत पक्ष सोडून इतरांसाठी ही मुदत 7 दिवसांची. सोबत जाहिरातीच्या 2 प्रती, निर्मितीचा खर्च, किती वेळा दाखवणार आणि दर काय, हे सगळे. पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टनेच.

घोळ होतो तो संहितेत, म्हणजे जाहिरातीत बोललेल्या शब्दांच्या लेखी प्रतीत. साक्षांकित संहिता आवाजाशी शब्दन्‌शब्द जुळली पाहिजे. मालेगाव-बागलाणसाठी अहिराणीत बोललात, तर कागदावरही अहिराणीच लिहा. तिथे प्रमाण मराठी उतरवलीत की शंका आलीच समजा. मंजुरीनंतर एडिटरने एखादे वाक्य बदलले, तर जुने प्रमाणपत्र त्या नव्या जाहिरातीला चालत नाही.

मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत टीव्हीवर प्रचार बंद. ऑपरेटरला बंदची वेळ लेखी द्या, नाहीतर लूपवर लावलेली जाहिरात रात्रभर फिरत राहते.