वळवाच्या दिवसात गच्ची आणि कुंड्या

कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये सकाळी कडक ऊन आणि दुपारनंतर वळीव, म्हणून गच्चीचं काम सकाळीच उरका. आदल्या रात्री दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने स्लॅबवर चिकटवा. सकाळी खाली थेंब दिसले तर वॉटरप्रूफिंगला हात लावू नका. अडकलेल्या ओलीची वाफ होऊन कोटिंगला फोड येतात. कोरडं असेल तर भेगा तारेच्या ब्रशने खरवडा, धूळ झटका, क्रॅक फिलर पट्टीने दाबून भरा.

ढग भरून आले की कुंड्यांकडे वळा. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसती काळी माती नकोच, वाळली की दगड होते. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ) खत म्हणून घालायची तर पूर्ण कुजलेलीच घ्या. ताजी तापते, मुळं भाजतात.