फोमच्या लेआउटवर सांध्याला हाताचा स्विच कसा जोडावा

मॉडेल रेल्वेचा लेआउट फोमवर केला की वजन कमी होतं आणि नाला-टेकडी सुरीने कोरता येते. अडतं ते सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, बदलायच्या स्विचपाशी. फोममध्ये पिळलेला स्क्रू आज घट्ट वाटतो, पण सांधा पन्नास वेळा बदलला की भोकासकट हलायला लागतो. म्हणून पहिला नियम असा: जिथे बोटाचा जोर पडतो तिथे लाकूड. फोम नुसता भरावाला.

फोम म्हणजे इथे गुलाबी, निळा किंवा हिरवा दाट एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा सलग फोम). मखरासाठी वापरतात तो पांढरा थर्माकोल नको. त्याचे दाणे सुटून सांध्याच्या पात्यांत (गाडी वळवणाऱ्या, सरकणाऱ्या रुळांच्या टोकांत) आणि खाचेत अडकतात.

फोमच्या खाली स्विच लटकवून उभी तार वर आणण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो १२ मिमी प्लायसाठी ठीक आहे. ५० मिमी फोममधून गेलेली बारीक तार वरच्या टोकाला इतकी लवते की खाली स्विच पूर्ण सरकतो आणि पातं अर्ध्यातच राहतं. लांबी दुप्पट झाली की तारेचा जोर आठपट कमी होतो, हे त्यामागचं गणित. त्यापेक्षा स्विच लेआउटच्या काठावर ठेवा आणि तार फोमच्या वरच्या अंगाला आडव्या खाचेतून न्या. बिघाड झाला तर टेबलाखाली झोपावं लागत नाही.

एका सांध्याला लागणारं सामान थोडंच आहे. सहा पायांचा स्लाइड स्विच (डीपीडीटी), १२ मिमी प्लायचा ७० × ४० मिमी तुकडा, ०.८ मिमी जाडीची स्प्रिंगची तार म्हणजे २१ गेज, आणि तार आत सहज सरकेल अशी नळी. नळीसाठी मोटर वाइंडिंगच्या दुकानात जा. शेतीपंप भरणारा कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो आणि त्याच्याकडे १-२ मिमीची स्लीव्ह मीटरवर मिळते. दहा-बारा सेंटिमीटरपर्यंतच्या अंतराला बॉलपेनची रिकामी रिफिलही चालते. तीन रिफिली जोडून लांब नळी करू नका, प्रत्येक जोडावर तार अडते.

तारेबाबत तडजोड नाही. सेंट्रिंगची बांधायची तार मऊ असते, वाकवली की तशीच राहते. सायकलचा आरा २ मिमीचा असतो, तो फार ताठ. दुकानातच तार थोडी वाकवून सोडून पाहा. परत सरळ झाली तरच घ्या.

गोंदाची चूक सगळ्यात महाग पडते. चपला-फोमशीटला लावतात तो पिवळा रबरी गोंद आणि लगेच चिकटणारा थेंबाचा गोंद, दोन्ही फोमला खातात. दोन नळ्यांचा एपॉक्सी किंवा ॲक्रिलिक सीलंट वापरा. पांढरा लाकडाचा गोंदही चालतो, पण प्लाय आणि फोम यांच्या मध्ये त्यातलं पाणी अडकतं आणि सुकायला दोन-तीन दिवस लागतात. आधी उरलेल्या तुकड्यावर चाचणी घ्या.

आता बांधणी. प्लायच्या तुकड्यात स्विचचं अंग बसेल एवढी चीर पाडा. चीर काठाला काटकोनात हवी, म्हणजे स्विच तारेच्याच रेषेत पुढेमागे सरकेल. स्विचच्या दांडीला आडवं १ मिमीचं भोक हाताच्या ड्रिलने पाडा, विजेच्या ड्रिलने दांडी फुटते. वायरी आधीच सोल्डर करून घ्या, जागेवर सोल्डर केलं तर फोम वितळतो. मग स्विच दोन स्क्रूंनी प्लायवर बसवा, फोमच्या काठावर प्लायच्या मापाचा खड्डा कोरून तो एपॉक्सीने चिकटवा आणि वायरींसाठी खाली आरपार भोक ठेवा. तिथून सांध्याच्या थ्रोबारपर्यंत, म्हणजे दोन्ही पाती एकत्र सरकवणाऱ्या आडव्या दांड्यापर्यंत, पोलादी पट्टी धरून नळीच्या मापाची खाच कापा. एवढं एका दुपारचं काम आहे.

बहुतेकांचा सांधा बिघडतो तो यानंतर, तारेची लांबी जमवताना.

स्विचची दांडी साधारण ४.५ मिमी सरकते. एचओच्या (१:८७ मापाच्या मॉडेलच्या) सांध्याची पाती सुमारे २.५ मिमी. उरलेले २ मिमी कुठे तरी गेलेच पाहिजेत. सरळ तार जोडली तर ते थ्रोबारवर जातात आणि प्लास्टिकचा थ्रोबार तुटतो, नाहीतर रूळ फोमवरून उचलला जातो. म्हणून तारेत घोड्याच्या नालासारखं एक वळण ठेवायचं. पातं रुळाला टेकलं की पुढची चाल नाल आत दाबून किंवा फाकून घेतो आणि तोच जोर पात्याला रुळाशी चिकटवून धरतो.

०.८ मिमी तारेला नाल १२ ते १५ मिमी उंच आणि वरचा गोलवा ६ मिमी रुंद ठेवा. हे माप डोळ्यांनी करू नका. नाल १० वरून १५ मिमी उंच केला की तो दुपटीहून जास्त मऊ होतो. तार ०.८ ऐवजी १ मिमीची घेतली तर सुमारे अडीचपट कडक होते. नाल काठाजवळ ठेवा, सांध्याजवळ नको. तो आडवा झोपेल असा उथळ खड्डा फोममध्ये कोरा आणि चारही बाजूंनी ३ मिमी मोकळं सोडा. भिंतीला घासणारा नाल नसल्यासारखाच.

आता लांबी. दांडी एका टोकाला, पाती एका टोकाला आणि मग तार वाकवायची, असं बरेच जण शिकवतात. ते चूक आहे. तसं केलं की जादा २ मिमी सगळे दुसऱ्या बाजूला पडतात. मग एकीकडे पातं ढिलं राहतं, दुसरीकडे थ्रोबार ताणला जातो. दांडी बरोबर मध्ये ठेवा. दोन्ही पात्यांच्या फटीत सारख्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे घालून पातीही मध्येच अडवा. या स्थितीत तारेवर थ्रोबारच्या भोकाची खूण करा, टोक काटकोनात वर वाकवा आणि भोकात खालून घाला. दोन्हीकडे एक-एक मिमी जोर मिळतो. वर आलेलं टोक रुळाच्या उंचीखाली कापा, नाहीतर इंजिन त्यावर आदळेल.

हा एक मिमी आपल्याकडे जास्त लागतो, त्याचं कारण ऊन. टिनाच्या छपराखालच्या खोलीत जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ३५ अंशांचा फरक सहज पडतो. लाकडावर पूर्ण न चिकटवलेला ४० सेंमी फोम तेवढ्यात जवळपास ०.९ मिमी वाढतो, पोलादी तार मात्र ०.१७ मिमी. म्हणजे पाऊण मिलीमीटर तार आखूड पडते. नाल नसलेला सांधा थंडीत झकास चालतो आणि अकोला-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उघडा राहून डबे पाडतो. जुळणी होळीच्या आसपास किंवा ऑक्टोबरात केली तर हा फरक दोन्हीकडे वाटला जातो. फोम सगळाच्या सगळा प्लायवर चिकटवला असेल तर तो फार कमी हलतो.

तपासायला वर्तमानपत्राची बारीक पट्टी पुरते. ती पातं आणि बाजूच्या रुळात धरून सांधा बदला. ओढल्यावर सहज निघाली तर जोर कमी. थोडाच फरक असेल तर नाल चिमट्याने दाबा, तार आखूड होते. फाकवला तर लांब होते. तार पुन्हा वाकवत बसू नका, त्याच जागी दोन-तीनदा वाकवलेली स्प्रिंगची तार तुटते.

पात्यांखाली कारखान्याची स्प्रिंग असलेला सांधा असेल तर ती स्प्रिंग रूळ बसवण्याआधी काढा. स्विचची पकड आणि नाल पुरेसे आहेत. दोन्ही ठेवले तर ते एकमेकांशी झगडतात.

मूर्तिजापूर-अचलपूरची अरुंद रुळांची गाडी शकुंतला करत असाल तर मापं बदलतात. तिचा ७६२ मिमीचा मार्ग १:८७ ला ८.७६ मिमी येतो, म्हणून एन गेजचा ९ मिमी रूळ चालतो. तिथे ०.६ मिमी तार आणि १० मिमी उंच नाल घ्या. त्या नाजूक थ्रोबारवर एचओची तार लावू नका.

जुळणी पक्की झाल्यावरच नळी चिकटवा. दर ५ सेंमीवर सीलंटचा ठिपका पुरे, टोकांपासून १ सेंमी दूर. नळी थ्रोबारच्या २ सेंमी आधी संपवा. आत तेल नको, ते कापसाची धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते, रुळांपासून लांब. कूलरच्या खोलीत तार गंजते, म्हणून आत घालण्याआधी बारीक पॉलिशपेपर मारून कोरडी पुसा.

वायरिंग सोपं आहे. एका रांगेचा मधला पाय धातूच्या फ्रॉगला (आतले दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा), कडेचे दोन पाय दोन बाजूच्या रुळांना. फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (वीज पुढे न जाऊ देणारे रुळांचे जोड) हवेत. इंजिन फ्रॉगवर शॉर्ट झालं तर कडेच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

नालाच्या खड्ड्यावर पुठ्ठ्याचं झाकण ठेवा, चिकटवू नका. त्यावर शेतातली काळी माती चाळून टाकणार असाल तर आधी चुंबक फिरवून लोहकण काढा, ते इंजिनाच्या मोटरीत ओढले जातात. मातीचा गोंद झाकण बाहेर काढून लावा आणि पूर्ण सुकल्यावरच झाकण परत ठेवा. जागेवर लावलेला गोंद फटीतून पाझरून नळीत उतरतो आणि तार कायमची धरतो.