शिवलेली नको, नेसायची नऊवारी: जुने शब्द आणि रीत

पाडवा जवळ आला की आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात टेलरकडे पाट्या लागतात, पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी शिवून मिळेल. मी पण एका वर्षी तशी शिवून घेतली आणि शोभायात्रेत तलावपाळीपर्यंत पोचते तोच मागची चेन गेली, मग घरी येईपर्यंत मैत्रिणीची ओढणी कमरेला. त्यानंतर आजीकडून नेसायलाच शिकले, आणि तिचे शब्द कळल्याशिवाय तिच्या सूचनाच कळत नव्हत्या म्हणून आधी शब्द.

लुगडं नेसतात, घालतात ती चोळी. आजी यावर अजून ओरडते. 1 वार म्हणजे 36 इंच, म्हणजे नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते. कासोटा घालून, म्हणजे काठ पायांमधून मागे खोचून नेसलं तर सकच्छ, आपल्या सहावारीसारखं गोल नेसलं तर विकच्छ. आतून परकर नाही, मी सरळ सायकलिंग शॉर्ट्स घालते.

पहिल्यांदा कॉटनचं, दोन-तीनदा धुतलेलं घ्या, पैठणीवर शिकायला जाऊ नका प्लीज. लुगडं मागून पुढे घेऊन कमरेला गाठ मारायची, आणि ती खरंच घट्ट, श्वास थोडा आत घेऊन, कारण पुढचं सगळं त्या एका गाठीवर उभं असतं. मग दुसरं टोक कमरेभोवती फिरवून आधी पदर काढून घ्यायचा, लांबी खांद्यावरून बघून ठरवा. मधे जे कापड उरतं त्याच्या निऱ्या, त्या पोटाशी खोचल्या की वर जो घोळ राहतो तो ओचा. आजी फुलं तोडायला गेली की ओच्यातच टाकायची. आणि कमरेला खोचलेल्या भागाची घडी म्हणजे कनवटी, तिथे तिची नोट असायची, चार घड्या घातलेली, थोडी घामट, नातवंडांना त्यातूनच खाऊला पैसे. आता निऱ्यांचा खालचा मधला काठ पकडा, पायांमधून मागे घ्या, काठ सरळ करून कमरेत खोचा, झाला कासोटा. मी पहिल्यांदा काठ उलटा खोचला होता, त्यामुळे मागे आरसा लागतोच.

कोळी पद्धत वेगळी, लुगडं गुडघ्यापर्यंतच आणि वरचं कापड सुटं, आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून शिका, ते लिहून जमणार नाही.

चोळीचं म्हणाल तर खण म्हणजे चोळीपुरता कापडाचा तुकडा, म्हणूनच ओटी खणा-नारळाने भरतात. प्रसिद्ध खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे. जुन्या चोळीला पुढे गाठ असते, हुक नाही. झंपर, म्हणजे ब्लाउज, हा शब्द इंग्रजी जंपरवरून आलाय, म्हणजे आजीचा "जुना" शब्द पण इम्पोर्टेडच. इरकल, म्हणजे कर्नाटकातल्या इलकलची साडी, घेताना पदर आणि अंग जिथे जुळतं तिथे बोट फिरवून बघा, पारंपरिक विणीत दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगळे असतात आणि एकात एक फासे अडकवून जोडतात. चंद्रकळा म्हणजे काळी, ती संक्रांतीला.

नेसून झालं की घरातच चार उठाबशा काढा. कासोटा सुटला तर पिना मारत बसू नका, गाठच सैल आहे, सगळं सोडून परत पहिल्यापासून.