कॅल्शियम मेंब्रेनला चिकटला म्हणून लगेच रिझल्ट लिहू नका, या चुका टाळा

परवा खानापूरच्या एका पोरीचा फोन, कॉम्प्युटरवर मेंब्रेन (पेशीचा पडदा) आणि आयन (चार्ज असलेले अणू) यांच्या सिम्युलेशनवर एमएस्सीचा प्रोजेक्ट करूलालीये, म्हणाली दादा पीओपीसी या लिपिडच्या (पडदा बनवणाऱ्या चरबीसारख्या रेणूच्या) मेंब्रेनवर कॅल्शियम सोडला आणि 100 नॅनोसेकंदात बराचसा जाऊन चिकटला की, झालं ना काम? मी म्हटलं थांब, आधी सांग फोर्स फिल्ड (अणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात याचे ठरवलेले आकडे) कुठलं घेतलंस.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. साध्या फोर्स फिल्डमध्ये कॅल्शियमवर पूर्ण +2 चार्ज ठोकून बसवलेला असतो, पोलरायझेशन (शेजारच्या चार्जमुळं इलेक्ट्रॉन सरकणं) नसतंच, त्यामुळं लिपिडच्या फॉस्फेटकडची ओढ खऱ्यापेक्षा जास्त येते. 2016 साली एनएमआरलिपिड्स प्रोजेक्टमध्ये बरीच मॉडेल्स एनएमआर प्रयोगाच्या (चुंबकानं रेणूंची रचना तपासायच्या पद्धतीच्या) मापांशी ताडून बघितली, तर बहुतेकांत साधं सोडियमसुद्धा पीसी लिपिडला (पीओपीसी त्यातलंच) गरजेपेक्षा जास्त चिकटत होतं. म्हणून हेडग्रुपच्या (लिपिडच्या पाण्याकडच्या डोक्याच्या) अल्फा आणि बीटा कार्बनचे ऑर्डर पॅरामीटर (त्यांचे बंध सरासरी कसे वळलेत ते सांगणारे आकडे) काढा, पॉझिटिव्ह आयन बसले की दोन्ही खाली जातात, आणि किती खाली गेले ते प्रयोगाशी ताडा. त्यासाठी बिनमिठाचा, म्हणजे आयन न टाकलेला, एक रन लागतो आणि नेमका तोच लोक करत नाहीत, मग फरक कशातनं काढणार?

उपाय म्हणून आयनचे चार्ज 0.75 पटीनं कमी करायची पद्धत आहे, म्हणजे कॅल्शियम +1.5. पण फाईल उघडून नुसता तेवढा आकडा बदलू नका, आयनचा साईझही त्याबरोबर बसवावा लागतो, म्हणून तयार तपासलेले पॅरामीटरच घ्या.

आता वेळ. कॅल्शियमला बसायला-उठायला शेकडो नॅनोसेकंद लागतात, कधी त्याहून जास्त. मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचा आयनचा डेन्सिटी प्रोफाईल (कुठल्या थरात किती आयन आहेत त्याचा आलेख) काढून बघा, डावी-उजवी जुळत नसेल तर रन अजून पिकलेला नाही, ही तपासणी मला फार आवडते कारण तिला जादा काही लागत नाही. मॅग्नेशियमचं तर अजून अवघड, त्याच्याभोवतीचं एक पाणी बदलायला खऱ्या जगात मायक्रोसेकंद जातो, त्यामुळं 200 नॅनोसेकंदात तो लिपिडला थेट चिकटला नाही म्हणून 'मॅग्नेशियम चिकटत नाही' असं लिहू नका.

कॉन्सन्ट्रेशनची चूकही नेहमीची. 128 लिपिड, 5120 पाणी, 150 मिलीमोलरला साधारण 14 कॅल्शियम येतात, त्यातले निम्मे मेंब्रेनवर बसले की पाण्यात उरलेलं कॉन्सन्ट्रेशन निम्मंच! तुलना करताना पाण्यातलं मोजलेलं घ्या, टाकलेलं नको. जमलं तर पाणी वाढवा.

सेटअपचं थोडक्यात सांगतो. ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या सॉल्व्हेट (पाणी भरायच्या) कमांडनं लिपिडच्या शेपट्यांमध्ये पाणी घुसवलं असेल तर आयन त्या पाण्याच्या जागी जाऊन बसतो, म्हणून आधी ते पाणी काढा. प्रेशर सेमी-आयसोट्रोपिक (मेंब्रेनच्या पातळीतलं आणि उभ्या दिशेचं वेगवेगळं सांभाळलेलं) ठेवा. डीपीपीसी (दुसरं एक लिपिड) 300 केल्विनला (27 अंश) चालवू नका, 41 अंशाखाली तो जेल (गोठल्यासारखा) असतो. झिंक, कॉपर घ्यायचे असतील तर साधं गोळा-मॉडेल पुरत नाही, कॉपरला तर बऱ्याचदा क्वांटमचा हिशेब लागतो.

आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, चेकपॉईंट फाईल दर 5 मिनिटांनी लिहायला लावा, बंद पडलं तर तिथनंच पुढं चालू करा, नव्यानं नको. त्या पोरीनं आता बिनमिठाचा रन लावलाय, दोन्ही रनचे ऑर्डर पॅरामीटर आले की परत फोन करणार आहे.